वर्तणूक : चांगली

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
अलाइड अँड हेल्थकेअर व्यावसायिकांची राज्य परिषद, महाराष्ट्र

विषय : लॅब टेक्नॉलॉजिस्टच्या नोंदणीसाठी चारित्र्य आणि आरोग्याच्या अटींबाबत

महोदय, महोदया,

माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ या रकान्यापुढे ‘चांगली’ असं आहे. वर्गातल्या सगळ्यांच्याच दाखल्यावर तेच होतं. आमच्यातला एक जण दर शनिवारी मुख्याध्यापकांच्या सायकलची हवा सोडायचा. त्याचीही वर्तणूक चांगलीच. शाळेच्या क्लार्कनी ‘चांगली’चा रबरी शिक्काच करून घेतला होता. आधी सगळ्या कोऱ्या दाखल्यांवर तो मारून ठेवायचे, नावं नंतर भरायचे.

तुमच्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये चारित्र्याचा रकाना येईल तेव्हा तो असा होऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

२०२१ च्या, अलाइड अँड हेल्थकेअर व्यवसायांसाठीच्या केंद्रीय कायद्यानं आमच्या व्यवसायाला देशभरासाठी एक रजिस्टर दिलं. त्याच्या परिशिष्टात दहा गट आहेत आणि पहिलाच गट मेडिकल लॅबोरेटरीवाल्यांचा आहे, हे वाचून आमच्या लॅबमध्ये पेढे वाटले होते. इतकी वर्षं आम्ही नुसते ‘लॅबवाले’ होतो. व्यावसायिक वर्तनाची आणि नीतीची संहिता पाळली जाते का हे बघायचं आणि वेळ पडल्यास रजिस्टरमधून नाव काढायचं, हे काम कायद्यानं राज्य परिषदेवर टाकलं आहे. ज्याला बाहेर काढायचा अधिकार आहे, त्याच्यावर आत घेताना माणूस पारखायची जबाबदारीही येते. ते पारखणं कसं व्हावं, याबद्दल सव्वीस-सत्तावीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेल्या माणसाचं काही म्हणणं आहे. आणि ते सांगायचं तर आधी माझं चारित्र्य सांगावं लागेल.

१९९८ साल. तालुक्याच्या गावची लॅब. गावाचं आणि लॅबचं नाव नको. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा, होऊन मला सहा महिने झाले होते. दिवसाला साठ-सत्तर सॅम्पल आणि माणसं दोन. लाइट गेली की सेंट्रिफ्यूज बंद, आणि लाइट तर रोज जायची. अशा वेळी सगळ्यात आधी ज्याचा बळी जातो ते युरिन रुटीन, म्हणजे लघवीची नेहमीची तपासणी. लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन बघायला तेव्हा आमच्याकडे स्ट्रिप नसायची. काचेची नळी लघवीनं पाऊणभर भरायची, तिरकी धरून वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा, गढूळपणा आला तर ॲसेटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब टाकायचे. गढूळपणा गेला तर ठीक, राहिला तर अल्ब्युमिन आहे. एका नळीला दोन मिनिटं.

त्या दिवशी मला सहाची एसटी गाठायची होती आणि रॅकमध्ये अकरा नळ्या उरल्या होत्या. मी अकराही रिपोर्टवर लिहिलं : अल्ब्युमिन निल, शुगर निल, पस सेल्स २-३, एपिथेलियल सेल्स ३-४. कुठल्याही डॉक्टरला पुन्हा वाचून बघावेसे वाटणार नाहीत, असे ते आकडे. मग अकराही नळ्या बेसिनमध्ये ओतल्या आणि नळ सोडला. आमच्यात याला ‘सिंक टेस्ट’ म्हणतात. शब्द तुमच्या कानावर असेलच.

त्या अकरांतली एक आठव्या महिन्याची गरोदर बाई होती. पाचव्या दिवशी ती परत आली तेव्हा चपला हातात होत्या, कारण सुजलेले पाय त्यांत मावत नव्हते. या वेळी मी नळी तापवली. वरचा भाग दह्यासारखा पांढरा झाला आणि ॲसिड टाकूनही निवळला नाही. डॉक्टरांनी तिला त्याच रात्री मिरजेला पाठवलं. पुढं काय झालं ते मला कळलं नाही. मी विचारायलाही गेलो नाही.

आता माझं रेकॉर्ड बघा. माझ्यावर एकही गुन्हा नाही. पोलिसांकडे चारित्र्य पडताळणीचा अर्ज केला तर काही निघणार नाही. त्या लॅबच्या मालकांनी मला सोडताना दिलेल्या पत्रात ‘प्रामाणिक व कष्टाळू’ असं म्हटलं होतं. कष्टाळू तर होतोच, सत्तर सॅम्पल एका दिवसात उरकायचो.

हे माझ्यासारख्या तालुक्याच्या पोराचं झालं. मोठ्या लॅबचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सरकारी ड्रग लॅबचं घ्या. तिथं ॲनी डूकन नावाची केमिस्ट होती. सहकाऱ्यांच्या कितीतरी पट सॅम्पल ती उरकायची आणि वरिष्ठ खूश असायचे. ती बरीचशी सॅम्पल न तपासताच, नुसत्या नजरेनं बघून निकाल लिहीत होती. एमएस्सीची जी पदवी तिनं सांगितली होती तीही तिच्याकडे नव्हती. २०१२ मध्ये तिला अटक झाली, २०१३ मध्ये तिनं गुन्हा कबूल केला आणि तीन ते पाच वर्षांची शिक्षा झाली. २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयानं एकवीस हजारांहून जास्त खटले एका फटक्यात रद्द केले, कारण त्यातल्या रिपोर्टवर विश्वास कसा ठेवायचा? तिकडे या प्रकाराला ‘ड्राय लॅबिंग’ म्हणतात. आमच्या बेसिनचंच गोरं नाव. आपल्या कायद्याच्या परिशिष्टात फॉरेन्सिक टेक्नॉलॉजिस्ट आमच्याच गटात बसवलेत, तेव्हा हे लांबचं उदाहरण म्हणून सोडून देता येणार नाही. आणि लांब तरी कशाला जायचं? २०२१ च्या हरिद्वार कुंभमेळ्यात लाखभर कोविड चाचण्या बनावट असल्याचं प्राथमिक चौकशीत पुढे आलं, ते आपण सगळ्यांनी वाचलंच आहे.

डूकन बाईंचं पोलीस रेकॉर्ड अटकेच्या आदल्या दिवशी बघितलं असतं तर काय मिळालं असतं? कोरं पान. पदवीची मात्र विद्यापीठाकडे एक चौकशी केली असती तर खोटं तिथल्या तिथं उघडं पडलं असतं. म्हणून पहिली विनंती ही की मार्कशीट आणि डिप्लोमा अर्जदाराकडून अटेस्ट करून घेण्यापेक्षा ते ज्या संस्थेनं दिले तिथून थेट मागवा. रबरी शिक्के कुठल्याही तहसील कचेरीबाहेर बनतात.

पोलीस दाखल्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात सोपा उपाय म्हणून तुम्ही तोच घालाल अशी मला भीती आहे. माझ्या हाताखाली पारधी समाजातला एक मुलगा शिकला. नाव सांगत नाही. रक्त काढण्यात इतका हलका हात मी दुसरा बघितलेला नाही. तान्ह्या बाळाची शीर त्याला एका टोचण्यात सापडायची. एका मोठ्या रुग्णालयात त्याची निवड झाली आणि चारित्र्य पडताळणीत अर्ज अडकला. सोळाव्या वर्षी, गावात चोरी झाली म्हणून त्याला वडिलांबरोबर उचलून नेलं होतं. आरोप सिद्ध झाला नाही, खटलाही उभा राहिला नाही, पण ठाण्याच्या कुठल्यातरी वहीत नाव राहिलं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं या माणसांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी ठाण्यातल्या नजरेतून तो अजून पुरता गेलेला नाही. बालन्याय कायद्याच्या २०१५ च्या आवृत्तीत तर स्पष्ट म्हटलंय की मोठ्या मुलांच्या अतिगंभीर गुन्ह्यांचा अपवाद सोडला, तर बालपणी दोषी ठरला तरी ते पुढं अपात्रतेचं कारण होऊ नये. या पोराला कुणी दोषीही ठरवलं नव्हतं. तो सात महिने घरी बसला. त्याच सात महिन्यांत, बेसिनमध्ये लघवी ओतलेला मी, सन्मानानं नोकरी करत होतो.

तेव्हा गुन्हे विचारायचे तर जरूर विचारा, पण नुसता दाखल गुन्हा आणि न्यायालयानं सिद्ध धरलेला गुन्हा यांत फरक करा. पाण्याच्या टँकरसाठी रस्ता अडवला म्हणून दाखल झालेला गुन्हा वेगळा आणि खोट्या बिलाबद्दल झालेली शिक्षा वेगळी. न्यूझीलंडचा २००३ चा कायदा या बाबतीत मला शहाणा वाटतो. तिथल्या सोळाव्या कलमात नोंदणीसाठीची योग्यता लिहून ठेवली आहे. तीन महिने किंवा त्याहून जास्त कैद होऊ शकेल अशा गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तरीही मंडळानं आधी हे ठरवायचं की त्या गुन्ह्यामुळे या माणसाच्या या कामाच्या योग्यतेवर शंका येते का. गुन्हा आणि काम यांचा सांधा जुळतो का ते आधी बघायचं आणि मगच नकार द्यायचा.

ब्रिटनमध्ये आमच्या व्यवसायाचं रजिस्टर हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल चालवते. एकूण पंधरा व्यवसाय तिच्याकडे आहेत. ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ ही उपाधी तिथं नोंदणीशिवाय लावली तर तो गुन्हा होतो. माझ्याकडे शिकलेली एक मुलगी आता तिकडच्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत आहे. फॉर्म भरताना तिनं रात्री फोन केला होता, “सर, यांनी आरोग्याचंही विचारलंय. मला थायरॉइड आहे ते लिहू का?” मी म्हटलं, सूचना नीट वाच. सूचनेत साधी गोष्ट होती. आजार आहे का, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. सुरक्षितपणे काम करण्याच्या आड येईल असं काही आहे का, आणि असेल तर त्याची जाणीव ठेवून तुम्ही काम आवरता का, एवढंच त्यांना हवं होतं. तेच चारित्र्याचं. दोष कबूल केला म्हणजे दार बंद, असं नाही. घटना केव्हाची, किती गंभीर, त्यानंतर माणूस कसा वागला हे बघतात. लपवलेलं उघड झालं तर मात्र ते लपवणंच मोठा दोष मानतात. आणि ही घोषणा एकदाच करून सुटका नाही, दर दोन वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा करायची.

आरोग्याचा मुद्दा आपल्याकडे जास्त नाजूक आहे. लॅबमध्ये सुई टोचली की पहिला विचार संसर्गाचा येत नाही, नोकरीचा येतो. माझ्या माहितीतला एक जण, हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह निघाला तेव्हापासून स्वतःचं सॅम्पल दुसऱ्याच्या नावानं लावत असे. दर तीन महिन्यांनी बाकावर एक ‘गणपत’ नावाची नळी यायची आणि आम्ही कुणी काही बोलायचो नाही. असा माणूस रक्त काढतो किंवा तपासतो त्यानं पेशंटला धोका होत नाही. नेहमीच्या काळजीनं काम केलं तर संसर्ग सॅम्पलकडून आमच्याकडे येण्याची भीती असते, उलट नव्हे. एचआयव्हीबाधितांना नोकरीत भेदभाव करायचा नाही असा २०१७ चा कायदाच आहे. तरी एखाद्या अधिकाऱ्यानं ‘संसर्गजन्य आजार आहे का? हो / नाही’ अशी ओळ फॉर्ममध्ये घातली, तर राज्यातले सगळे गणपत ‘नाही’वर खूण करतील आणि तुमच्या रजिस्टरची सुरुवातच खोट्यानं होईल. त्याऐवजी हेपॅटायटिस बीची लस घेतली का, ती मालकानं दिली का, सुई टोचल्यावर नोंद करायची वही लॅबमध्ये आहे का, हे विचारा. याची उत्तरं कुणी लपवणार नाही.

जे खरंच विचारायला हवं ते कुणी विचारत नाही. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जंतू ओळखायला रंगवलेल्या स्लाइडवर, जांभळा आणि गुलाबी हे दोन रंग वेगळे दिसतात का? मी असा एक चांगला, कामसू टेक्निशियन बघितलाय, ज्याला ते दिसत नव्हते आणि त्याला स्वतःला ते नोकरीच्या बाराव्या वर्षी कळलं. त्याला काढायची गरज नव्हती. बायोकेमिस्ट्रीच्या मशीनवर बसवला, छान काम केलं. पण आधीची बारा वर्षं त्यानं दिलेले स्लाइडचे रिपोर्ट? दारूचंही तेच. सकाळी सातला हात थरथरतो हे शेजारच्या बाकावरच्याला कळतं. कौन्सिलला कळायचं असेल तर त्या शेजाऱ्याला बोलता आलं पाहिजे.

लॅबमधला खोटेपणा कुठं सापडतो असं मला विचाराल तर मी क्यूसीचा, म्हणजे गुणवत्ता तपासणीचा, चार्ट मागेन. रोज सकाळी पेशंटची सॅम्पल लावायच्या आधी कंट्रोल लावतात, ज्याचं उत्तर साधारण कुठं यायला हवं हे आधीच माहीत असतं. ते रोजचं उत्तर चार्टवर बिंदू म्हणून मांडायचं. मधे सरासरीची रेष, वर-खाली दोन एसडीच्या, म्हणजे नेहमीच्या चढउताराच्या मापाच्या, मर्यादा. मशीन व्यवस्थित चालत असलं तरी वीसातला एखादा बिंदू त्या मर्यादेबाहेर जातोच, तो आकड्यांचा स्वभाव आहे. तर एखाद्या लॅबचा तीन महिन्यांचा चार्ट बघावा आणि त्यात एकही बिंदू रेषेपासून बोटभरही हललेला नसावा! मशीनचं कौतुक करण्याआधी वही भरणाऱ्याला बाजूला घ्या. त्यानं महिन्याअखेरीस एका बैठकीत तीस दिवसांचे बिंदू काढलेले असतात. शाई एकाच पेनची असते, तेवढंच बघितलं तरी कळतं. आणि जिथं बिंदू बाहेर गेलाय, पेननं खोडून न लपवता त्यापुढे ‘कंट्रोल जुना झाला, नवी बाटली फोडली, पुन्हा लावला, पेशंटचे रिपोर्ट दीड तास थांबवले’ असं लिहून सही केली आहे, त्या माणसाला मी माझ्या आईचं रक्त बिनघोर तपासायला देईन.

म्हणून म्हणतो, चारित्र्याचं प्रमाणपत्र नगरसेवकाकडून, सरपंचाकडून, राजपत्रित अधिकाऱ्याकडून मागू नका. त्यांनी आमचा चार्ट बघितलेला नाही. शेजारी बसून ज्यानं वर्षभर काम बघितलं अशा वरिष्ठ टेक्नॉलॉजिस्टकडून आणि रिपोर्टवर सही करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून मागा, आणि ‘वर्तणूक कशी आहे’ असं मोघम विचारू नका. चुकलेला रिपोर्ट यानं स्वतःहून सांगितल्याचं एखादं उदाहरण लिहा म्हणावं. सॅम्पल हिमोलाइज झालं, म्हणजे त्यातल्या रक्तपेशी फुटल्या, असताना यानं पुन्हा रक्त मागितलं का, की तसंच लावून पोटॅशियमचा आकडा ‘सावरून’ घेतला? ब्रिटनमध्ये नोंदणीआधी ट्रेनिंगचा एक पोर्टफोलिओ भरावा लागतो आणि बाहेरून आलेला तपासनीस तो उमेदवारासमोर बसून बघतो. आपल्याकडे इंटर्नशिपची वही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकाची बघून दुसरा भरतो. मीही तशीच भरली होती. (एकदा खरं सांगायला बसलो की थांबता येत नाही.)

आता ज्याबद्दल माझ्या व्यवसायबंधूंनी मला मुद्दाम लिहायला सांगितलंय तो मुद्दा. चारित्र्य आमचं बघाल. आम्हाला कामाला ठेवणाऱ्याचं कोण बघणार? सर्वोच्च न्यायालयानं १२ डिसेंबर २०१७ ला सांगितलं की लॅब रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. त्यावर अनेक ठिकाणी तोडगा निघाला तो असा : कोऱ्या लेटरहेडवर आधीच सह्या. ड्रॉवरमध्ये शंभर-दोनशे कागदांची चळत, खाली कोपऱ्यात निळ्या शाईची सही आणि शिक्का, वरचा सगळा भाग मोकळा. डॉक्टर महिन्यातून एकदा येणार, चहा घेणार, नवीन चळत देऊन जाणार. मी हे डोळ्यांनी बघितलंय, आणि प्रत्येक वेळी मला शाळेच्या क्लार्कचा तो ‘चांगली’चा शिक्का आठवलाय. सही भाड्यानं देणाऱ्या काही पॅथॉलॉजिस्टांवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलनं कारवाईही केली. पण त्या चळतीतल्या कागदावर आकडे टाईप करणारा बावीस वर्षांचा पोरगा तुमच्या रजिस्टरवर असणार आहे. त्यानं ‘मी हे करणार नाही’ म्हटलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा येतो. मालक कदाचित डॉक्टरही नसतो, टेक्नॉलॉजिस्टही नसतो. तो कुठल्याच कौन्सिलचा नसतो. दवाखाने आणि लॅबच्या नोंदणीचा केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्यानं स्वीकारलेला नाही. कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवण्याबद्दल डॉक्टरनं घेतलेलं कमिशन, त्याविरोधी कायद्याचा २०१७ चा मसुदा मसुदाच राहिला. सिंक टेस्ट आळसातून होते, तशी ती या ‘कट’मधूनही होते : दहा चाचण्या लिहून द्यायच्या, निम्मे पैसे लिहिणाऱ्याला पोचवायचे, मग उरलेल्या पैशांत दहाही चाचण्यांचं केमिकल कुठून परवडणार?

गैरप्रकार दिसला की कळवणं बंधनकारक आहे, असं कलम तुम्ही संहितेत घालाल. घाला. पण कळवणाऱ्याचं नाव मालकापर्यंत पोचणार नाही आणि त्या तक्रारीमुळे नोकरी गेली तर परिषद त्याच्या बाजूनं लेखी उभी राहील, हे त्याच पानावर लिहा. नाहीतर ते कलम आमच्याच गळ्यात अडकेल, कारण पुढं काही निघालं तर पहिला प्रश्न आम्हालाच असणार, ‘तू कळवलं का नाहीस?’

शेवटी माझ्या अर्जाबद्दल. ‘चाचणी न करता तुम्ही कधी निकाल लिहिला आहे का?’ हा प्रश्न फॉर्मवर असला तर मी ‘हो’ लिहिणार आहे. १९९८, अकरा युरिन. त्यानंतर कधी नाही. कशावरून म्हणाल तर मी आजवर जिथं जिथं होतो तिथले चार्ट मागवा. या ‘हो’चं तुम्ही काय करता, यावर माझ्या मागं रांगेत असलेली पोरं काय लिहायचं ते ठरवतील.

आपला,
एक मेडिकल लॅब टेक्नॉलॉजिस्ट,
जि. सांगली

ता. क. – घोषणापत्र मराठीत छापा. परवा आमच्या लॅबमधल्या चौघांना, अशा फॉर्मांवर नैतिक अधःपतनासाठी वापरतात त्या ‘मॉरल टर्पिट्यूड’चा अर्थ विचारला. एक म्हणाला कर्ज थकवणं, दुसरी म्हणाली घटस्फोट, तिसऱ्याला वाटलं ते एखादं बॅक्टेरियाचं नाव असावं. चौथ्यानं मात्र हेच शब्द असलेल्या एका फॉर्मवर मागच्याच महिन्यात सही केली होती.